परत कधी येणार ते लिहा

आमच्या शाळेला इंग्रजीचा शिक्षक मिळावा म्हणून मी तालुक्याला इतके हेलपाटे घातले होते की पंचायत समितीचा शिपाईसुद्धा मला बघून 'या इंग्रजी, बसा' म्हणायचा. शेवटी शिक्षक मिळाला. आणि मिळाल्यावर महिन्याभरातच मी त्याच कचेरीत जाऊन, याची बदली कशी काय होऊ शकते, हे त्याच शिपायाला हळूच विचारून आलो.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. टेंभुर्णीच्या अलीकडे आमचं गाव, सातवीपर्यंतची शाळा, आणि मी मुख्याध्यापक. इंग्रजी तेव्हा पाचवीपासून सुरू व्हायचं. पाचवीत अक्षरं, सहावीत चार वाक्यं, सातवीत गाय, माझी शाळा, माझा मित्र असे तीन निबंध आणि रजेचा एक अर्ज. तेवढं पाठ झालं की पोरगं पास. गाईडातून फळ्यावर, फळ्यावरून वहीत आणि वहीतून पेपरात. बसलेली घडी होती, कुणाचं काही अडत नव्हतं. माझं स्वतःचं इंग्रजी सहीपुरतं होतं आणि त्यानं माझंही काही अडलं नव्हतं.

हे नवे शिक्षक नवीन जालन्याचे, म्हणजे जालना शहरातले. वडील बँकेत, भाऊ वकील, आणि हे एकटेच आमच्या आडगावात खोली करून राहिलेले. उंच, जरा पुढे वाकलेले, खिशात सुटे खडू, त्यामुळे प्रत्येक शर्टाचा खिसा पांढरा. आम्ही बाकीचे सगळे गुरुजी, हे मात्र पहिल्या दिवसापासून 'सर'. बोलणं जालन्याच्या बाजारातलं, त्यात बराबर, बिलकुल, जल्दी यांची पेरणी. पण जल्दी म्हणजे काय हे त्यांना आयुष्यात कळलं असेल तर शपथ. समोरच्यानं काहीही सांगितलं की यांचा एकच प्रश्न, 'कारण?' मी म्हणावं, सर, आज जरा लवकर निघतो. हे विचारणार, 'कारण?' तेही इतक्या भाबडेपणानं की रागावताही येऊ नये. मी मात्र रागवायचोच.

आल्या आल्या त्यांनी गाईडं गोळा करून कपाटात टाकली आणि गाय निबंधाला हात घातला. गाय हा उपयुक्त प्राणी आहे, या वाक्यालाच बंदी. 'कुणाची गाय? कुठं बांधता? मारते का? ते लिव्हा.' पोरांना काय, सोकावलीच. सातवीतल्या एका पठ्ठ्यानं तोडक्यामोडक्या इंग्रजीत लिहिलं की आमची गाय लाथ मारते, तिनं काकूला लाथ मारली, आम्हाला सगळ्यांना बरं वाटलं. सरांनी तो निबंध सगळ्या वर्गात मोठ्यानं वाचला आणि वर मराठीतून अर्थही सांगितला. काकूचं घर शाळेच्या समोरच. दुपारी बाई कमरेला पदर खोचून माझ्या टेबलासमोर उभी. तिच्या आणि तिच्या जावेच्या, म्हणजे त्या पोराच्या आईच्या, भांडणात मी तास दीड तास बसलो होतो, आणि सर शेजारच्या वर्गात पोरांना सांगत होते, की बघा, लिहिलेलं खरं असलं की त्याला उत्तर येतं.

मग चिठ्ठ्यांचं निघालं. पुस्तकात एक पत्र होतं, मुंबईच्या मित्राला सुट्टीत गावी बोलावण्याचं. सर म्हणाले, 'तुमच्यापैकी कुणाचा मुंबईत दोस्त आहे? न्हाई ना? मंग कुणाला लिव्हता? ज्याला काम आहे त्याला लिव्हा.' पोरांना काम कुणाकडं असणार, तर गिरणीवाल्याकडं. दळणाच्या डब्याबरोबर इंग्रजी चिठ्ठ्या जाऊ लागल्या. जाड दळा. आमच्या आधी कुणाचं दळू नका. मागच्या वेळी पीठ कमी भरलं. बिचाऱ्या गिरणीवाल्याला इंग्रजी येत नव्हतं. तो ज्याला त्याला गाठून चिठ्ठी वाचून घ्यायचा. पारावर, दुकानात, ग्रामसेवकाकडं. मराठीत असती तर त्यानं वाचून डब्याखाली सारली असती. इंग्रजीत असल्यामुळे कुणाच्या घरी ज्वारी संपली आणि कुणी पीठ कमी भरल्याची तक्रार केली, हे संध्याकाळपर्यंत अख्ख्या गावाला ठाऊक व्हायचं.

'गुरुजी, आवरा त्येंना,' गिरणीवाला मला म्हणाला. 'माझं गिऱ्हाईक तुटून राह्यलंय.'

मी सरांना आवरायला गेलो. सर म्हणाले, 'त्याला चिठ्ठी कळली का? मंग बराबर लिव्हलीय पोरांनी.'

पण माझं डोकं खरं उठवलं ते रजेच्या अर्जानं. पुस्तकातला अर्ज असा होता की मला ताप आला आहे, एक दिवसाची रजा मिळावी. सरांनी तापालाही बंदी घातली. ताप असेल तरच ताप. बाजाराला जायचं असेल तर बाजार लिहा, शेळी व्यायली असेल तर शेळी. प्रत्येक अर्ज ज्याचा त्यानं स्वतःच्या हातानं लिहायचा, इंग्रजीत, कारण खरं द्यायचं, आणि शेवटचं वाक्य, मी अमुक दिवशी परत येईन. त्या वाक्याबद्दल तर त्यांचा असा हट्ट की विचारू नका. 'परत यायची तारीख न्हाई तर ती रजा न्हाई. ते पळून जाणं झालं.' कारण कसलंही असलं तरी चालायचं, तारीख नसली की अर्ज परत.

तालुक्याचे विस्तार अधिकारी तपासणीला आले तेव्हा त्यांनी नेमकी तीच फाइल उघडली. सातवीतल्या एका पोराचा अर्ज त्यांनी मला वाचून दाखवला आणि अर्थही सांगितला. मी काल आलो नाही, कारण हेडमास्तर एकोणीसचा पाढा विचारणार होते. त्याखाली मंजूर असा शेरा आणि माझीच सही. साहेब इतके हसले की त्यांचा चहा बशीत सांडला. मला काही हसू आलं नाही. तो एकोणीसचा पाढा त्या पोराला अजूनही येत नसणार.

आता शोभाबद्दल सांगतो. दादारावांची मुलगी. दादाराव म्हणजे गावातले मोठे शेतकरी, शाळा समितीचे अध्यक्ष. शाळेची कुंपणाची भिंत त्यांच्याच विटांची. शोभा सातवीत होती, वर्गातल्या सगळ्यांचे अर्ज गोळा करून माझ्याकडे आणायचं काम तिचंच. तिच्या एका अर्जावर सरांनी 'उत्तम' लिहिलं, तर दादाराव तो कागद टोपीत खोवून टेंभुर्णीच्या बाजारात दाखवत फिरले. पंधरा ऑगस्टला झेंड्याखाली उभं राहून त्यांनी जाहीरही केलं, 'आजपासून अर्ज दिल्याबिगर कुणी लेकरू घरी ठेवायचं न्हाई. माझ्या घरापासून सुरुवात.' टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या.

माघात शोभाचं लग्न ठरलं. सोयरे कुंभार पिंपळगावकडचे, घरची जमीन, ट्रॅक्टर, मुलगा एकुलता. तिथी फाल्गुनातली, परीक्षेच्या आधीची. गावात कुणाला काही नवल वाटलं नाही. पत्रिका मारुतीला ठेवून झाली, मलाही मिळाली. कायदा मला माहीत नव्हता असं नाही. पण भिंत त्यांच्या विटांची होती आणि मला त्याच गावात राहायचं होतं. सर एकदा त्यांच्या घरी जाऊन आले. काय झालं विचारलं तर म्हणाले, 'चहा पाजला अन् परत धाडलं.'

लग्नाला जाणारी पोरगी शाळेत अर्ज देते का कधी? पण शोभानं दिला. अर्जाशिवाय घरी राहायचं नाही हे तिच्या हाडीमाशी भिनलेलं. मला सोमवारपासून रजा हवी, कारण माझं लग्न आहे. एवढंच. सरांनी तो अर्ज वाचला, खिशातून तांबडी पेन्सिल काढली आणि शेवटची मोकळी ओळ खुणेनं दाखवून अर्ज परत केला. परत कधी येणार ते लिहिलेलं नाही.

मी त्यांना बाजूला घेतलं. 'अहो सर, तुम्हाला लग्न थांबवायचं असेल तर सरळ तसं बोला. त्या पोरीला का छळता?'

'मी कोण लग्न थांबवणार हेडमास्तर? मी इंग्रजीचा मास्तर. अर्ज अधुरा आहे.'

असा माणूस! मी टेबलावर फाइल आपटली. त्यांनी ती उचलून सरळ करून ठेवली.

दोन दिवसांनी दादाराव आले. कुणाच्या तरी घरी पत्रिका वाटून तसेच आले होते, खांद्यावर नवं उपरणं. मला म्हणाले, 'गुरुजी, हे काय लावलं सरांनी? पोरगी धड जेवून न्हाई राह्यली. अर्ज वापस आला म्हन्ते अन् रडते.'

सर तिथंच होते. 'परत यायची तारीख टाका, दादाराव. लगेच मंजूर करतो.'

'अवो, लगीन लागल्यावर पोरगी शाळंत वापस येत असती का?'

'मंग ती रजा न्हाई. तुम्ही तिचा शाळा सोडल्याचा दाखला न्या. त्यात कारण लिव्हावं लागतं, लग्न. जन्मतारीख लिव्हावी लागते. हेडमास्तर बराबर सही शिक्का मारून देतील. एक प्रत तालुक्याला जाते.'

दादाराव माझ्याकडं बघायला लागले. मी खिडकीतून बाहेर हापशावर पाणी भरणाऱ्या बायांकडं बघायला लागलो. त्यांनी उपरणं खांद्यावरून काढलं, पुन्हा टाकलं, आणि शेवटी माझ्याच पेनानं त्या मोकळ्या ओळीवर पाडव्याच्या दुसऱ्या दिवसाची तारीख टाकून खाली सही केली. जाताना मला म्हणाले, 'कागदावर काय, काय बी लिव्हता येतं.' सरांनी त्यावर मंजूर लिहिलं आणि तो फाइलला लावला.

लग्न दणक्यात झालं. सर पंगतीत बसून पोटभर जेवले आणि हात धुऊन सरळ नवरदेवापाशी गेले. मुंडावळ्या बांधलेल्या त्या पोराला म्हणाले, 'पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी शाळा आहे, विसरू नका.' त्या पोराला वाटलं आपल्यालाच बोलावलंय. मी सरांची बाही धरून त्यांना मांडवाबाहेर ओढत नेलं.

पाडवा झाला. दुसरा दिवस उजाडला. शोभा काही आली नाही. मला ते ठाऊकच होतं, गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. फक्त या गृहस्थांना ठाऊक नव्हतं. रोज हजेरी घेताना तिचं नाव आलं की हे थांबायचे. दाराकडं बघायचे. मग पुढचं नाव. मला बाहेर व्हरांड्यात ते ऐकू यायचं आणि अंगाचा तिळपापड व्हायचा. एकदा मी म्हटलंसुद्धा, 'नाव वगळा आता, पोरांच्या जिवाला घोर लावू नका.' तर म्हणाले, 'रजा मंजूर केलेली आहे. नाव कसं वगळू?' वर दादारावांना स्मरणपत्रं. पहिलं, दुसरं, आणि सह्या माझ्या. दादाराव शाळेवरून जायचं टाळून ओढ्याच्या वाटेनं जाऊ लागले. सोयऱ्यांना त्यांनी एकदा विचारलं होतं म्हणे. सोयरे म्हणाले, गहू काढायचाय, परीक्षा देऊन काय तहसीलदार व्हायचंय का?

परीक्षा तोंडावर आली. मी मनातून विषय सोडून दिला होता. आणि एका दुपारी शोभाची आई शाळेत आली.

ती बाई आयुष्यात कधी शाळेच्या पायऱ्या चढली नव्हती. डोक्यावरचा पदर दातात धरलेला, एका हातानं दाराची चौकट धरलेली. 'मालक मोंढ्यात गहू इकाया गेलेत,' ती म्हणाली. 'सांजच्या गाडीनं येतेत. त्याच्या आत मला एक अर्ज लिव्हून पायजे. शोभाच्या सासऱ्याला. इंग्रजीतून.'

'इंग्रजीतून कामून?' मी विचारलं. 'त्यांना कुठं येतं इंग्रजी?'

'न्हाई येत म्हनूनच. मराठीत लिव्हला तर वाचतेत अन् चुलीत घालतेत. इंग्रजीत असल्यावर कुनाला तरी दाखवावाच लागतोय की. गिरणीवाला न्हाई का फिरत व्हता चिठ्ठ्या घेऊन? तसं चार मान्सांत जाऊ द्या. मंग बघते कशे न्हाई म्हन्तेत.'

सगळी हयात शिकवण्यात गेली माझी, पण ही युक्ती मला सुचली नसती. मी घाईघाईनं कोरा कागद काढला, पेन काढलं, सरांपुढं ठेवलं. 'लिहा सर. जल्दी.'

सरांनी हाताची घडी घातली. 'ज्याचा अर्ज त्यानं लिव्हायचा.'

त्या क्षणी माझा तोल सुटला. 'अहो, तुम्ही माणूस आहात का कोण? त्या बाईला मराठी धड लिहिता येत नाही! तिचा नवरा संध्याकाळी येईल! तिकडं पोरीची परीक्षा चाललीय हातची! पाच ओळी खरडायला तुमचं काय जातं?' शेजारच्या वर्गातली पोरं दारात येऊन बघायला लागली. त्याआधी मी कधी एवढ्या मोठ्यानं ओरडल्याचं मला आठवत नाही.

सर शांतपणे म्हणाले, 'माझ्या हातचा कागद गेला तर मास्तरचा कागद म्हणून फेकतील. बाईनं लिव्हलेला फेकायला जड जातं.' आणि तिला म्हणाले, 'बसा ताई.'

ती पाचवीच्या बाकावर बसली. सर फळ्यावर एकेक अक्षर मोठं काढायचे, ती ते बघून कागदावर उतरवायची, रांगोळीचे ठिपके जोडावेत तशी. दोन वेळा शाई सांडली, दोन वेळा नवा कागद. मी आत बाहेर येरझारा घालत होतो. बाहेर ऊन उतरायला लागलं होतं.

कारणापाशी गाडं अडलं. 'कारण?' सरांनी विचारलं.

मी मध्ये पडलो. 'लिहा की, परीक्षा जवळ आली आहे, शिक्षणाचं नुकसान होतं...'

'हेडमास्तर, अर्ज कुणाचा आहे?' सर तिच्याकडं वळले. 'ताई, खरं कारण सांगा.'

ती बराच वेळ बाकावरच्या रेघांवरून बोट फिरवत राहिली. 'खरं लिव्हू?'

'खरंच लिव्हायचं.'

'मला तिच्याबिगर करमत न्हाई.'

सरांनी ते इंग्रजीत फळ्यावर लिहिलं आणि तिनं ते उतरवलं.

'आता शेवटची ओळ. वापस सासरी कधी धाडणार?'

परीक्षेचा शेवटचा पेपर कधी, हे सांगायला मी तोंड उघडलं होतं. पण त्याच्या आत ती म्हणाली, 'धावी झाल्यावर.'

माझं तोंड उघडंच राहिलं. सरांनी मात्र भुवईसुद्धा हलवली नाही. फळ्यावर दहावी आली, कागदावर उतरली. खाली तिनं आपलं नाव घातलं, ते तेवढं मराठीत. गाडीचा आवाज आला तशी ती उठली आणि मागच्या वाटेनं घरी गेली. तो कागद दुसऱ्या दिवशी टेंभुर्णीला जाऊन मी स्वतः पोस्टात टाकला. उगाच वाटेत कुणी पाहू नये म्हणून सदऱ्याच्या आत धरून नेला होता.

पुढच्याच आठवड्यात शाळेसमोर जीप उभी राहिली. शोभाचा सासरा उतरला. धिप्पाड माणूस, झुपकेदार मिशा. आता मारामारी होणार म्हणून मी खुर्चीवरून उठून उभा राहिलो. त्यानं खिशातून तो कागद काढला. घडी घालून घालून त्याच्या कडा मऊ पडल्या होत्या.

'ह्यो कागद तुमच्याच शाळंतून आल्ता ना?' तो म्हणाला. 'आधी मी आमच्या गावच्या मास्तराकडून वाचून घेतला. मंग बँकेतल्या साहेबाकडून. मंग दवाखान्यातल्या डाक्टरकडून. म्हनलं, कुनी तरी येगळं सांगल. तिघांनी बी एकच सांगितलं.'

'काय सांगितलं?' सर विचारतात! अशा वेळीसुद्धा!

तो माणूस खाली बघायला लागला. 'इहीणबाईला लेकीबिगर करमत न्हाई म्हनून.' मग एकदम चढ्या आवाजात म्हणाला, 'आता सारं गाव इचारून राह्यलंय मला, सून धाडली का, सून धाडली का. दवाखान्यात गेलं तरी तेच. धावी म्हंजी लई झालं गुरुजी. पन ठिवा. आमची बदनामी नको.'

त्याच्या मागून शोभा जीपमधून उतरली. हिरवी साडी, कोपरापर्यंत हिरव्या बांगड्या. वर्गातली पोरं खिडकीला लोंबकळून बघत होती. मला भरून आलं, लपवायचं कशाला. आता हा माणूस तिच्या डोक्यावर हात ठेवील, दोन शब्द बोलेल, असं मला वाटलं.

'शोभा,' सर म्हणाले, 'तारीख उलटून गेली. उशीर झाल्याचा अर्ज लागंल.'

हातात छडी असती तर मी त्यांनाच मारली असती.

'लिव्हते सर,' ती म्हणाली, आणि बांगड्या मागं सारून बाकावर बसली.